कावीळ 'किती' आहे हे नंतर, आधी 'कुठली' आहे ते शोधा

आमच्या दवाखान्यामागे एक लहानसं अंगण आहे. डोळे पिवळे वाटतात असं कुणी म्हटलं की मी त्या माणसाला तिथे नेते, उजेडाकडे तोंड करून उभं करते, वरची पापणी हलकेच उचलते आणि पायाच्या बोटांकडे बघायला सांगते. बुबुळ खाली गेलं की वरचा पांढरा भाग उघडा पडतो. ट्यूबलाइटखाली स्वच्छ वाटलेला तोच डोळा दिवसाच्या उजेडात कधीकधी लिंबाच्या सालीसारखा पिवळा निघतो.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पेशंटला काहीच पिवळं दिसत नाही. बहुतेक वेळा बायको, आई नाहीतर सोबत काम करणारा माणूसच आधी ओळखतो. तोवर आठवडा गेलेला असतो, आणि पुढचे दोन आठवडे 'कावीळ उतरवण्यात' जातात.

रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, कावीळ किती आहे?" त्या आकड्यावरून आजाराचं फारसं काही कळत नाही. १८ बिलिरुबिन असलेला कॉलेजचा मुलगा महिन्याभरात पुन्हा क्रिकेट खेळताना दिसतो, आणि ४ बिलिरुबिन असलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात गाठ निघते. ताप जसं लक्षण आहे, तशीच कावीळ. ती कशामुळे झाली हे शोधण्याची एक ठरलेली वाट आहे. त्या वाटेवरून क्रमाने कसं जायचं, ते इथे लिहिते आहे.

बिलिरुबिन येतं कुठून, जातं कुठे

हे पाच मिनिटं समजून घेतलंत तर पुढचा सगळा रिपोर्ट तुम्हालाच वाचता येईल.

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती म्हातारी झाली की मुख्यतः प्लीहेत मोडली जाते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह शरीर परत वापरतं आणि उरलेल्या भागापासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य बनतं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज अंदाजे २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून रक्तातून यकृतापर्यंत येतं. इथवरचं बिलिरुबिन म्हणजे रिपोर्टमधलं 'इनडायरेक्ट'.

यकृतात एक विकर (एन्झाइम) त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं आणि ते पाण्यात विरघळू लागतं. हे झालं 'डायरेक्ट'. मग ते पित्तातून पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. थोडा भाग आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो. यकृताआधी, म्हणजे पेशीच जास्त मोडताहेत. यकृतात, म्हणजे यकृतालाच सूज आहे. किंवा यकृतानंतर, म्हणजे पित्त वाहून नेणारी नळी तुंबली आहे. पुढची सगळी तपासणी ही जागा शोधण्यासाठीच असते.

पहिली पायरी: पिवळेपणा खरा आहे ना?

एकूण बिलिरुबिन निरोगी माणसात साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असतं (दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात, पुढचे आकडेही याच मापात). अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांत दिसतं. त्यामुळे १.८ चा रिपोर्ट आणि स्वच्छ पांढरे डोळे, यात विसंगती काही नाही.

गाजर, पपई, लाल भोपळा भरपूर खाणाऱ्यांचे तळहात-तळपाय पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. ही कावीळ नव्हे. वर्षानुवर्षं उन्हात, धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत मळकट तपकिरी डाग असतात, तेही वेगळे. 'पांढरी कावीळ' हा शब्द लोक कधी हिपॅटायटिस बी-साठी वापरतात, कधी रक्त कमी झाल्याने आलेल्या फिकेपणासाठी. दवाखान्यात तो शब्द सांगू नका. काय होतंय ते सांगा.

दुसरी पायरी: लघवी आणि शौचाचा रंग

हे सांगायला लोक लाजतात. पण इथे लाजून चालत नाही, कारण अर्धं निदान इथेच होतं.

इनडायरेक्ट बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटलेलं असल्यामुळे मूत्रपिंडातून गाळलं जात नाही. त्यामुळे डोळे पिवळे पण लघवीत बिलिरुबिन नाही, असं असेल तर बिघाड यकृताआधीचा आहे किंवा जन्मजात साधा दोष आहे. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद झाली असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन बाहेर पडतंय, म्हणजे यकृतात किंवा त्याच्या पुढे काहीतरी आहे. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत थोडी लघवी घेऊन हलवून बघा. नेहमीचा फेस पांढरा असतो, बिलिरुबिन असेल तर फेसही पिवळा येतो. मात्र बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी भडक पिवळी होते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी-लाल होते, आणि पाणी कमी प्यायल्यानेही गडद होते. हे आधी वजा करा.

शौचाचा रंग त्याहून महत्त्वाचा. पित्त आतड्यात पोचतच नसेल तर शौच मातकट, राखाडी, पुटीच्या रंगाचं होतं. विषाणूच्या काविळीतही मधले काही दिवस असं होऊ शकतं. पण ते आठवडाभर तसंच राहिलं आणि अंगाला खाज सुटली, विशेषतः रात्री, तर नळी तुंबल्याचा संशय घ्यायलाच हवा.

या पायरीची किंमत मी एका माणसाच्या जिवावर शिकले. दवाखाना सुरू केला त्याच्या पुढच्याच वर्षी साठीचे एक शेतकरी आले होते. डोळे हळदीसारखे, पोट अजिबात दुखत नव्हतं. गावात साथ होती, मी तीच धरली आणि यकृताची औषधं लिहून दिली. दहा दिवसांनी ते परत आले तेव्हा दोन्ही दंडांवर नखांचे ओरखडे होते. तेव्हा कुठे मी शौचाचा रंग विचारला. "सहा आठवडे झाले, भिंतीच्या मातीसारखी होतेय," ते म्हणाले. पोटाला हात लावला तर उजव्या बरगडीखाली फुगलेलं पित्ताशय बोटांना लागत होतं, दाबलं तरी दुखत नव्हतं. स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ निघाली. दहा दिवसांनी फार फरक पडला नसता, असं मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी मला सांगितलं. पण त्या दिवसापासून डोळे पिवळे असलेल्या प्रत्येकाला मी नावानंतर हाच प्रश्न विचारते.

तिसरी पायरी: कोणत्या तपासण्या करायच्या

पहिल्याच दिवशी पाच-सात हजारांचं पॅकेज लागत नाही. मी पहिल्या फेरीत एवढंच मागते: एलएफटी म्हणजे यकृताच्या रक्ततपासण्या (त्यात एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लघवीची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. ताप असेल तर मलेरियाची तपासणी आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं). पीटी-आयएनआर पुष्कळदा राहून जाते, आणि यकृताची खरी ताकद तीच सांगते. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतच बनवतं. ते थकलं की आयएनआर वाढतो.

नमुन्याबद्दल एक गोष्ट. बिलिरुबिन उजेडात मोडतं. रक्ताची नळी खिडकीपाशी उन्हात पडून राहिली तर आकडा खोटा कमी येतो. गावातून शहरातल्या लॅबला नमुना जात असेल तर तो झाकून जातोय ना, हे विचारायला हरकत नाही. आणि सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जा. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत.

आता तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघू.

पहिला: एकूण बिलिरुबिन ८.४, डायरेक्ट ६.१, एसजीपीटी १६४०, एसजीओटी १२१०, अल्कलाइन फॉस्फटेज १९०.

दुसरा: एकूण १४.२, डायरेक्ट ११.६, एसजीपीटी ९६, एसजीओटी ८८, अल्कलाइन फॉस्फटेज ७४०.

तिसरा: एकूण २.४, डायरेक्ट ०.४, बाकी सगळं व्यवस्थित, हिमोग्लोबिन १४.

एसजीपीटी हे विकर यकृताच्या पेशींच्या आत असतं (एसजीओटीही त्याच जातीचं). पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं ते पित्ताची वाट अडली की. पहिल्या रिपोर्टात एसजीपीटी ४० च्या मर्यादेच्या ४१ पट आहे आणि फॉस्फटेज (मर्यादा १२० धरली तर) जेमतेम दीडपट. दुसऱ्यात उलटं: एसजीपीटी सव्वादोन-अडीचपट, फॉस्फटेज सहापट. या दोन पटींचा भागाकार करायचा. उत्तर ५ च्या वर आलं तर यकृताच्या पेशींना इजा, २ च्या खाली आलं तर पित्ताची अडचण, मधलं आलं तर दोन्ही थोडंथोडं. पहिल्याचा भागाकार २६, दुसऱ्याचा ०.४. पहिला बहुधा विषाणूचा, दुसऱ्याला सोनोग्राफी आजच्या आज. तिसऱ्यात डायरेक्ट भाग एकूणच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे, म्हणजे वाट वेगळीच.

अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतून आणि वारेतूनही येतं, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणात ते जास्त असतं. शंका असेल तर जीजीटी (पित्तमार्गाचं आणखी एक विकर) करावं. तेही वाढलेलं असेल तर दोष पित्तमार्गाकडे.

इनडायरेक्ट वाढलं असेल तर

इथे मुख्य प्रश्न एकच: पेशी मोडताहेत का? रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण), एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं विकर) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), या तिघांवरून ते कळतं. हिमोग्लोबिन कमी, रेटिक वाढलेलं, एलडीएच वाढलेलं, तर पेशी मोडताहेत. नुसत्या पेशी मोडण्याने, यकृत चांगलं असेल तर, बिलिरुबिन सहसा ५ च्या पुढे जात नाही. गेलं तर सोबत दुसरं काहीतरी आहे असं धरून शोधा.

महाराष्ट्रात या यादीत सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) वर ठेवावाच लागतो. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर आणि विदर्भातल्या इतर भागांत मूल लहानपणापासून पिवळट डोळ्यांचं, हाडं-सांधे दुखणारं, वारंवार आजारी पडणारं असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या) करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. त्यात सरकारी केंद्रांवर ही तपासणी होते. सिकलसेलच्या रुग्णांना पित्ताचे खडेही लवकर होतात. त्यामुळे त्यांची कावीळ अचानक वाढली तर "याला नेहमीचंच आहे" म्हणून सोडू नका. नळीत खडा अडकलेला असू शकतो.

जी-६-पीडी या तांबड्या पेशीतल्या विकराची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विनसारख्या मलेरियाच्या औषधाने पेशी भराभर मोडतात आणि लघवी कोका-कोलासारखी काळपट होते. त्याची तपासणी ऐन मोडण्याच्या काळात केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. आणि बी-१२ ची कमतरता. शाकाहारी घरांत ती भरपूर सापडते. अस्थिमज्जेतच पेशी अर्धवट बनून मोडतात, डोळे फिकट लिंबाच्या रंगाचे होतात, एलडीएच खूप वाढतं, आणि लोक यकृताची औषधं घेत बसतात. सीबीसीमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) १०० च्या वर असेल तर बी-१२ बघा.

हिमोग्लोबिन, रेटिक, एसजीपीटी सगळं व्यवस्थित, फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन दीड ते चारच्या दरम्यान वरखाली होतंय? हा बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. ग्लुकुरॉनिक आम्ल जोडणारं विकर जन्मतः थोडं मंद असतं, एवढंच. शंभरातल्या पाच-दहा जणांत हे असतं. उपवास, ताप, जागरण, अतिश्रम झाले की आकडा चढतो आणि आपोआप उतरतो. वर दिलेला तिसरा रिपोर्ट असाच एका मुलीचा होता. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नोकरीसाठीची वैद्यकीय तपासणी, आणि रिपोर्टवर लाल खूण. घरच्यांनी दोन महिने तिचं तेल-तूप, हळद बंद केलं होतं. तिचे जुने रिपोर्ट मागवले तर तीन वर्षांपूर्वीही १.९ होतं. गिल्बर्टला औषध नाही, पथ्य नाही, यकृत खराब होत नाही, लग्नाला अडचण नाही. फक्त इरिनोटेकानसारखं कर्करोगाचं औषध घ्यायची वेळ आली तर हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

यकृतालाच सूज असेल तर

एसजीपीटी हजारांत गेलं की तीन कारणं आधी डोक्यात येतात: विषाणू, औषध किंवा विष, आणि रक्तदाब अतिशय घसरल्याने यकृताला रक्त कमी पडणं.

विषाणूंत हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. ए-ची लागण झाल्यापासून कावीळ दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, ई-ला पाच-सहा आठवडे. त्यामुळे काल खाल्लेल्या पाणीपुरीला दोष देऊन उपयोग नसतो, महिना-दीड महिना मागे जावं लागतं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि २९,००० च्या आसपास लोकांना कावीळ झाली. तेव्हा ती ए-ची मानली गेली होती. साठवलेले रक्तनमुने पुढे तपासले तेव्हा ती ई असल्याचं कळलं. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत ई-ची मोठी साथ आली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई फार घातक ठरतो, पाचातल्या एकीपर्यंत जीव जाऊ शकतो. गरोदर बाईची कावीळ घरी ठेवायचीच नाही.

बी आणि सी रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. मागायच्या तपासण्या: आयजीएम अँटी-एचएव्ही (ए-साठी), आयजीएम अँटी-एचईव्ही (ई-साठी), एचबीएसएजी (बी-साठी), अँटी-एचसीव्ही (सी-साठी). एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजची कावीळ बी-चीच असं नाही. जुना बी असलेल्या माणसाला नवा ई झालेला मी पाहिला आहे. म्हणून तेव्हा आयजीएम अँटी-एचबीसी (बी-ची ताजी लागण दाखवणारी) जोडून घ्यावी. बी आणि सी-ची औषधं २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि घरं कर्जात जातात.

तापाचा एक नियम लक्षात ठेवा, माझ्या अनुभवात याने फार मदत होते. विषाणूच्या काविळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, तंबाखू-विडीसुद्धा नकोशी होणं, आणि डोळे पिवळे होईतो ताप बहुधा उतरतो. कावीळ आणि ताप दोन्ही एकत्र चालू असतील तर दुसरं काही शोधा: मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार), स्क्रब टायफस (बारीक कीटकांच्या चाव्यातून होणारा ताप), डेंग्यू किंवा पित्तनलिकेतला पू. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चाललेला किंवा कोकणात भातलावणी केलेला माणूस, डोळे पिवळे आणि शिवाय लालबुंद, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखणाऱ्या, लघवी कमी: हा लेप्टो समजून त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. लेप्टोत बिलिरुबिन वीसच्या पुढे आणि एसजीपीटी जेमतेम दीड-दोनशे, असं चित्र दिसतं.

दारूच्या सुजेत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतं, आणि दोन्ही सहसा तीन-चारशेच्या खालीच राहतात. दारू किती घेता हे बायकोसमोर विचारलं तर खरं उत्तर येत नाही. एकट्याला विचारते. उत्तर ऐकून न रागावणं हे माझं काम आहे, त्यामुळे पेशंटनेही खरं सांगावं.

औषधांचं म्हणाल तर घरात आहे नाही ते सगळं पिशवीत घालून आणा. टीबीच्या गोळ्या, जिममधली इंजेक्शनं, सांधेदुखीची पुडी, वजन कमी करायचं चूर्ण, काढे, सगळं. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. मी एवढंच म्हणते की काविळीत यकृत दुखावलेलं असताना कुठलीच वनस्पती 'लिव्हरसाठी' म्हणून सुरू करू नका. टीबीची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याच दिवशी ज्यांनी दिली त्यांना भेटा. आणि उंदीर मारायची पेस्ट कुणी रागाच्या भरात खाल्ली असेल तर पहिले दोन दिवस ठीक वाटलं तरी घरी ठेवू नका. पिवळा फॉस्फरस तिसऱ्या दिवसापासून यकृत निकामी करतो आणि त्यावर उतारा नाही. पॅरासिटॅमॉलच्या मूठभर गोळ्यांवर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तरच सगळ्यात जास्त लागू पडतो.

वाट तुंबली असेल तर

सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिकेची रुंदी बघा. साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंत ठीक. पित्ताशय काढलेलं असेल तर थोडी जास्त चालते. नलिका फुगलेली पण कारण दिसत नाही, असं पुष्कळदा होतं, कारण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमागे लपतं. "सोनोग्राफीत खडा नाही" म्हणजे नलिकेत खडा नाही, असा अर्थ होत नाही. पुढची तपासणी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. ईआरसीपी ही दुर्बिणीची प्रक्रिया आता फक्त बघण्यासाठी करत नाहीत, खडा काढायला किंवा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) घालायला करतात, कारण तिच्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. गाठीचा संशय असेल तर स्टेंट टाकण्याआधी सीटी स्कॅन करून घ्यावा, नंतर चित्र धूसर होतं. सीए १९-९ हे कर्करोगाची खूण म्हणून रक्तात बघतात, पण ते नुसत्या तुंबण्यानेही वाढतं, तेवढ्यावरून कर्करोग ठरवू नये.

खड्याची कावीळ बहुधा दुखत येते आणि कमी-जास्त होत राहते. पन्नाशीपुढे न दुखता, सतत चढत जाणारी कावीळ, घटलेलं वजन, नुकताच सुरू झालेला मधुमेह, हे एकत्र असेल तर एक दिवसही गमावू नका. हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ हे तिन्ही असतील तर नलिकेत पू आहे, थेट मोठं रुग्णालय गाठा.

माळ, चुना आणि नाकातले थेंब

गळ्यातली माळ दिवसेंदिवस लांबते, कावीळ 'उतरते'. काड्यांना दिलेले दोऱ्याचे वेढे सैल होत जातात, म्हणून ती लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे. नाकात कडू थेंब टाकल्यावर गळणारं पिवळं पाणी म्हणजे नाकाच्या आतल्या त्वचेचा दाह. ए-ची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. ज्यांची आपोआप बरी होणारी नसते त्यांचे आठवडे यात जातात. गावातल्या माणसाला हे सांगताना त्याच्या आजीला वेडं ठरवायची गरज नाही. मी म्हणते, माळ घालायची तर घाला, पण रक्त आणि सोनोग्राफी आजच.

पथ्याचंही तेच. हळदीने कावीळ होत नाही. भूक लागेल तसं वरण-भात, भाकरी, दही, फळं, थोडं तूपसुद्धा चालतं. उपाशी ठेवून यकृत सुधारत नाही. रस्त्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नाही, म्हणून तो रस नको. पाणी उकळून प्या. दारू पूर्ण बंद.

रात्रीसुद्धा निघायला हवं अशी लक्षणं

दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, हिरड्यांतून किंवा उलटीत रक्त, लघवी थांबणं, थांबतच नाही अशी उलटी. यकृताचा आधी कुठलाही आजार नसलेल्या माणसात आयएनआर १.५ किंवा जास्त आणि सोबत भ्रम, याला यकृत निकामी होणं म्हणतात. अशा वेळी यकृतारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी हलवण्याचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. एक फसवा आकडाही सांगते: एसजीपीटी २००० वरून ३०० वर आलं म्हणून घरचे खूश होतात, पण त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ असतो.

पित्त अडल्यानेही आयएनआर वाढतो, कारण पित्ताशिवाय के जीवनसत्त्व शोषलं जात नाही. तेव्हा के-चं इंजेक्शन दिलं की दिवसाभरात तो उतरतो. यकृतच थकलं असेल तर इंजेक्शनने फारसा फरक पडत नाही.

नवजात बाळ

बाळांच्या काविळीचे नियम वेगळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागलेली, चौथ्या-पाचव्या दिवशी चढलेली आणि दोन आठवड्यांत गेलेली कावीळ नेहमीची. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच नेहमीची नसते, आई-बाळाच्या रक्तगटाचा प्रश्न असू शकतो. पोट, मांड्या करत पिवळेपणा तळपायापर्यंत पोचला, बाळ दूध ओढेना, सुस्त झालं, तर ताबडतोब तपासा. फार चढलेलं इनडायरेक्ट बिलिरुबिन मेंदूत उतरतं आणि ती इजा कायमची असते. खिडकीतलं कोवळं ऊन फोटोथेरपीची (बाळाला खास निळ्या दिव्याखाली ठेवण्याची) जागा घेत नाही.

आणि दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं, लंगोट पिवळा करणारी लघवी, शौच पांढुरकं? तर डायरेक्ट बिलिरुबिन मोजायलाच हवं. पित्तमार्ग बंद असलेल्या बाळाची कासाई शस्त्रक्रिया (पित्ताला आतड्यात वाट करून देणारी) ६० दिवसांच्या आत झाली तर तिला यश येण्याची शक्यता जास्त असते. "आईच्या दुधाची कावीळ आहे, जाईल" या वाक्यात हे दिवस संपतात. बाळाच्या शौचाचा फोटो मोबाइलवर काढून आणा, मला त्याची फार मदत होते.

बरं होताना

आधी भूक परत येते, मग लघवी निवळते, डोळे सगळ्यात शेवटी. लघवी स्वच्छ झाली तरी बिलिरुबिन ४ वर रेंगाळतं आणि लोक घाबरतात. त्यातलं काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला पक्कं जोडलं गेलेलं असतं, आणि अल्ब्युमिनचं निम्मं आयुष्य अडीच-तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे ते तेवढ्या संथपणेच जातं. आठवड्यातून एकदा एलएफटी आणि आयएनआर पुरे, रोज रक्त काढू नका. ए आणि ई-च्या काविळीत मध्ये एकदा आकडा पुन्हा थोडा चढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. बी निघाला असेल तर सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायचं, आणि तोवर थांबायचं नाही: नवरा, बायको, मुलं यांची तपासणी याच आठवड्यात, आणि जे निगेटिव्ह येतील त्यांना लस.